लोकेशन सांगणार नाही, राग मानू नका

गेल्या आठवड्यात एका फुलाचा फोटो टाकला. त्याखाली तेवीस जणांनी एकच शब्द लिहिला: "लोकेशन?" फूल कसलं, कधी फुलतं, काही नाही. दोघं इनबॉक्समध्ये येऊन "पिन टाका ना भाऊ" म्हणाले. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. मग कंपनीतल्याच एका मित्राने चहाच्या टपरीवर ऐकवलं, "लई भाव खातो राव आजकाल." म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मी काही मोठा फोटोग्राफर नाही. नाशिकच्या सातपूरला कारखान्यात क्वालिटीत आहे, दिवसभर हातात मापं घ्यायचं व्हर्निअर. कॅमेरा सेकंडहँड, लेन्स ७०-३००, आणि तीही ३०० ला, म्हणजे पूर्ण झूमला, सॉफ्टच येते. सुट्टीच्या दिवशी, नाहीतर थर्ड शिफ्ट सुटल्यावर झोप लागत नसेल तेव्हा, गाडीला किक मारायची आणि निघायचं. आठ-नऊ वर्षं हेच चाललंय. बायको म्हणते, यापेक्षा दारू परवडली असती. (तिचा हिशेब बरोबर आहे, मी केलेला आहे.)

चार वर्षांपूर्वीचा श्रावण. एका कड्याच्या पोटाशी, कुठल्या ते आता कळेलच की सांगणार नाही, गवतात कंदीलपुष्प दिसलं. सेरोपेजिया. आपल्याकडे या कुळाचं अप्रूप जास्त, कारण त्यातल्या एका जातीचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका, आपल्या अंजनेरी डोंगरावरून. मला दिसलेली ती नव्हती, पण त्याच घरातली. फूल बोटाच्या दोन पेरांएवढं. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून कंदिलासारखा आकार. मी चिखलात पालथा पडून तासभर त्याच्या समोर होतो. नळीच्या आत बारीक केस असतात, टोकं खालच्या बाजूला वळलेली. चिलटाएवढी माशी वासाने आत उतरते आणि त्या केसांमुळे तिला वर येता येत नाही. आत धडपडताना परागाच्या पुड्या तिच्या अंगाला चिकटतात. मग केस सुकतात, फूल मान टाकतं, माशी सुटते आणि पुढच्या कंदिलात जाऊन पुन्हा अडकते. फूल तिला खात नाही, नुसतं डांबून ठेवतं. आमच्या गेटवर पास नसलेल्या माणसाला सिक्युरिटीवाले बसवून ठेवतात तसं.

फोटो चांगला आला. मी हुरळून सगळं लिहिलं. डोंगराचं नाव, पायथ्याचं गाव, "देवळाच्या मागून डावीकडची वाट धरा". लोकांनी तो भराभर शेअर केला. पुढच्या रविवारी भाच्याला दाखवायला घेऊन गेलो. गवत सगळं झोपलेलं, बुटांचे ठसे, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, आणि वेल होता तिथे वीतभर खड्डा. कंदासकट नेलेला. या वेलांचे कंद खातातही आणि हौशी लोक कुंडीत लावायलाही नेतात. नेला कुणीही असो, वाट मी दाखवली होती. भाचा विचारत होता, "मामा, फूल कुठंय?"

तेव्हापासून ठरवलं. फोटो टाकायचा, पत्ता नाही.

यावर एक मुद्दा नेहमी येतो आणि तो खोटा नाही: माहिती दडवली तर अभ्यास कसा होणार, उद्या त्या डोंगरावर खाण नाहीतर रस्ता आला तर इथे काय होतं हे दाखवणार कशाने? बरोबर आहे. म्हणून मी नोंद करतो, पण ती करायच्या जागी. आयनॅचरलिस्ट हे झाडं-प्राण्यांच्या नोंदींचं ॲप, त्यावर फोटो टाकला आणि जात धोक्यातली असेल तर ते ॲप नेमकी जागा झाकून साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दाखवतं. बाकीच्या जातींसाठीही जागा झाकायची सोय आहे, ती आपण निवडायची. पक्ष्यांसाठी ई-बर्ड आहे, तिथेही संवेदनशील जातींची ठिकाणं उघड दिसत नाहीत. नोंद राहते आणि ठिपका पाहून कुणी कुदळ घेऊन येत नाही. आणखी एक, मोबाईलने काढलेल्या फोटोच्या आत जीपीएस लिहिलेलं असू शकतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते गळून जातं, पण "क्वालिटी जाते" म्हणून तोच डॉक्युमेंट करून पाठवला की अक्षांश-रेखांशासकट जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून टाका.

पक्षी बघायचेत? मग बिनधास्त नांदूरमध्यमेश्वरला जा, ते काही गुपित नाही. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचून झालेली पाणथळ. १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आल्याची घोषणा झाली, महाराष्ट्रातली पहिली जागा. नाशिकहून ४० किलोमीटरच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत धुकं असताना चापडगावला पोचा आणि गावातला गाईड घ्या. त्याच्याकडे दुर्बीण असते, आणि डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात. माझ्या पहिल्या खेपेला हळदी-कुंकू बदकांचा थवा जवळ होता, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, नाव कुणालाही पटावं असं. बसलेल्या थव्याचा फोटो नीट येईना म्हणून मी टाळी वाजवायला हात उचलले. गाईड दादा शांतपणे म्हणाला, "उडवायचेच असतील तर मला कशाला आणलं साहेब, फटाके आणायचे ना."

त्यानंतर मी टाळी वाजवली नाही. पण टाळीच्या पुढची मंडळी आता भेटतात. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून नराला चिडवून बाहेर काढणारे. घरट्यावरची फांदी "अँगलसाठी" बाजूला बांधणारे. टिटवीची अंडी उघड्या खड्यांत असतात, आपण जवळ उभे राहिलो की ती उठते, आणि एप्रिलच्या उन्हात तिची सावली अंड्यांवरून जाते. समोरचा मात्र शटर मारत बसतो, सव्वाशे फ्रेम. मी घरट्याचे फोटो काढतच नाही, आणि घरट्याच्या फोटोला लाईकही देत नाही. कडक वाटत असेल तर वाटू द्या.

"मग आम्ही नवशिक्यांनी जायचं कुठे?" कुठेच नाही. तेच झाड परत परत. आपल्याच त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढण्याआधी काय केलं होतं? कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत त्याची वाढ टिपली. तीच दाखवून भांडवल उभं केलं. १९१२ ची गोष्ट. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आसपास झाडांना तोटा नाही. एक पळस धरा आणि माघ ते वैशाख दर रविवारी जा. आधी बुलबुल येतात की मैना, खारी कळ्याच कशा कुरतडतात, हे तिसऱ्या-चौथ्या खेपेला दिसायला लागतं. माझे त्यातल्या त्यात बरे फोटो घरापासून दोन किलोमीटरच्या आतले आहेत.

माणसांच्या फोटोंचं मात्र माझ्या डोक्यात नेमकं उलटं आहे. तिथे पत्ता लागतोच. धुळवडीला आपल्याकडे वीर निघतात, लोक घरातले टाक वाजतगाजत गोदाघाटावर आणतात, पोरांना राम-कृष्ण करून नाचवतात. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे मोठे हौद, उघडतात. वर्षभर लाकडांनी आणि मातीने बुजवलेल्या, पेशवाईपासूनच्या. पूजा झाली की धप्पा, म्हणजे रहाडीत उड्या, सुरू. बाहेरून फोटोग्राफर येतात, रंगाने माखलेले चेहरे घेऊन जातात, स्पर्धेत लावतात, बक्षीसही मिळवतात. ज्याचा चेहरा आहे त्याला तो फोटो कधीच दिसत नाही. मला ही चोरीच वाटते, साधी, पाकीटमारीसारखी.

मी आता फोटो काढला की नाव आणि गल्ली विचारून घेतो. चार बाय सहाची प्रिंट काही महाग नाही. ती नेऊन द्यायला वेळ लागतो खरा, पण दारात उभं राहिलं की चहा होतो, आणि पुढच्या वर्षी त्याच घराच्या गच्चीवरून रहाड दिसते. ती जागा कुठल्याही लेन्सने मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिवंध्याच्या रहाडीला कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी रबरबँडने बांधून उभा होतो. समोरच्या वाड्याच्या खिडकीत एक आजी, नव्वदीच्या तरी असतील, खाली धप्पा बसला की प्रत्येक वेळी स्वतःच्या अंगावर रंग उडाल्यासारख्या दचकून हसत होत्या. फ्रेम मिळाली. माझ्या मते आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. आठवड्याने प्रिंट घेऊन जिना चढलो. आजींनी चष्मा पुसला, फोटो जवळ धरला, लांब धरला.

"डोळे मिटलेत रे माझे," म्हणाल्या. "हा ठेव तुझ्याकडे. पुढच्या वर्षी चांगला काढून आण."

गेल्या वर्षी रंगपंचमीला फर्स्ट शिफ्ट लागली आणि राहून गेलं. यंदाची रजा आत्ताच टाकून ठेवलीय.