पोर्तुगालवरील लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेचे उत्तर

स. न. वि. वि.

पोर्तुगालमध्ये मी आणि माझ्या यजमानांनी केलेल्या बारा दिवसांच्या मोटारप्रवासावरील आणि तिथे ऐकलेल्या फादो या पारंपरिक पोर्तुगीज गायनप्रकाराविषयीच्या माझ्या लेखाखाली आपण काल रात्री असे लिहिले आहे : "बारा दिवसांत जेमतेम तीन गावे! तेवढ्या दिवसांत आमच्या सहलीने सात देश केले. फादोचा एक शब्द कळत नसताना डोळे भरून आले म्हणणे हे निव्वळ ढोंग आहे. कोथिंबिरीच्या पाण्यात बुडवलेला पाव खायला इतक्या लांब कशाला जायचे? आणि पोर्तुगीज गिटारला दहा नव्हे, बारा तारा असतात."

आपले जे बरोबर आहे ते प्रथम मान्य करते. त्या गिटारला सहा जोड्यांत मिळून बारा तारा असतात. लेखातील चूक मी आज सकाळीच दुरुस्त केली असून त्याबद्दल आपली आभारी आहे.

परंतु चूक दाखवणे वेगळे आणि माणसाला ढोंगी ठरवणे वेगळे. आपण वाशीला राहता, मी ठाण्याला. ठाणे-वाशी लोकलमध्ये समोरासमोर बसलो असतो, तर हा शब्द आपण माझ्या तोंडावर उच्चारला असता का, हे स्वतःलाच विचारून पाहावे. टोपणनावाआडून तो लिहिणे सोपे आहे.

लिस्बनच्या आल्फामा भागातील एका लहानशा खाणावळीत आम्ही फादो ऐकला. गाणे सुरू होण्यापूर्वी तिथे दिवे मंद करतात, वाढणे थांबते आणि आता फादो गायला जाणार आहे, शांतता राखा, असे सांगितले जाते. काळी शाल पांघरलेली एक प्रौढ बाई ध्वनिक्षेपकाशिवाय, डोळे मिटून गायली. शेवटच्या ओळीआधी ती थांबली, आणि तिच्याबरोबर गिटारवादकही थांबला. समेच्या अलीकडे आपल्याकडचा गवई साऱ्या मैफलीचा श्वास रोखून धरतो, तसे ते थांबणे होते. माझे डोळे तिथे भरून आले. शब्द कळत नव्हते हे मी लेखातच लिहिले होते, मग मी लपवले काय आणि ढोंग कशाचे केले?

शब्द कळल्याशिवाय रडू येत नाही, असे ज्याला वाटते त्याने माझ्या आईला पाहायला हवे होते. नौपाड्यातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात, रेडिओवर भीमसेन जोशी यांनी गायलेली पुरंदरदासांची कन्नड पदे लागली की, चौथी इयत्तेपर्यंत शिकलेली आणि कन्नडचे अक्षरही न जाणणारी ती बाई तव्यावरची भाकरी करपू द्यायची आणि पदराने डोळे टिपायची. महाराष्ट्रातील असंख्य घरांत ती पदे अशीच, अर्थ न विचारता, ऐकली गेली. ते सगळे ढोंगी होते का? माझ्या दिवंगत आईला ढोंगी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण तिचे नाव घेतले नाही हे खरे, पण आपले वाक्य तिच्यापर्यंत पोहोचते, आणि म्हणूनच ते मला इतके लागले.

गावांच्या मोजणीविषयी फारसे बोलत नाही. लिस्बनहून एव्होराचे सुमारे 130 किलोमीटर काटायला आम्हाला अख्खा दिवस लागला, कारण वाटेत बूच देणाऱ्या ओकच्या खोडांवर पांढरे आकडे दिसले म्हणून आम्ही थांबलो. दर नऊ वर्षांनी साल काढतात आणि ज्या वर्षी काढली त्याचा शेवटचा अंक खोडावर रंगवतात, हे आम्हाला तिथे समजले. आपले सात देश आपल्याला लखलाभ.

राहिला पाव. लसूण आणि कोथिंबीर मीठ घालून खलात कुटतात, वर ऑलिव्हचे तेल आणि उकळते पाणी ओततात, त्यात पावाचे तुकडे आणि अंडे घालतात; आलेन्तेजू प्रांतातील गरिबांच्या घरातून आलेले हे अन्न आहे आणि त्याला आसोर्दा म्हणतात. ज्या भाषेतून 'पाव' हा शब्द आपल्या तोंडी आला, तिच्या मुलखात तो खाण्याचे समाधान मला होते. आपल्याला ते समजावत बसण्याची माझी इच्छा नाही.

दहाचे बारा मी केले आहेत. डोळे भरून आल्याचे वाक्य मात्र लेखात जसेच्या तसे राहील.