कॅम्पातल्या कबरी: ॲसिड आणि ऑइल पेंटच्या सूचनेला उत्तर

बेळगाव कॅम्पातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीवरच्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. इंग्रज कलेक्टर थॅकरेची कबर गाळली. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा आणि त्यांचे सरदार रायण्णा यांच्याबद्दल चकार शब्द नाही. आणि दगड ॲसिडने धुऊन अक्षरांत ऑइल पेंट भरला की काम भागतं, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला.

थॅकरे बेळगावात नाहीच, धारवाडला आहे. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरच्या पहिल्या लढाईत मारला गेला तेव्हा तो धारवाडचा कलेक्टर होता. बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला 1836 साली. 1824 च्याच डिसेंबरात कित्तूरच्या दुसऱ्या लढाईत पडलेला सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो, हाही धारवाडलाच. 1818 साली बेळगावचा किल्ला घेणाऱ्या थॉमस मन्रोचा हा पुतण्या.

राणींची समाधी बैलहोंगलला, कारण 1829 साली तिथेच कैदेत त्यांचं निधन झालं. रायण्णांना 1831 साली नंदगडला फाशी दिली, समाधीही तिथेच. लेख एका दफनभूमीपुरता होता, म्हणून ही नावं त्यात आली नाहीत. गोऱ्यांचे गोडवे गायचा प्रश्नच नाही.

आता ॲसिड. यावर मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण या सल्ल्याने दगड कायमचे जातात. संगमरवर म्हणजे मूळचा चुनखडकच. ॲसिड पडलं की जो फेस येतो, तो मळ निघत नसतो, दगड विरघळत असतो. कोरीव अक्षरांच्या कडा आधी बोथट होतात. काळ्या पाषाणाला तितकं काही होत नाही, पण त्याच्या सांध्यांतला चुना खाल्ला जातो. तारेच्या ब्रशने बारीक ओरखडे पडतात, त्यात लोखंडाचा कीस अडकतो आणि पहिल्या पावसात तांबडे डाग उमटतात. ऑइल पेंट आतली ओल कोंडतो. पुढे पापुद्रा सुटतो तो दगडाची साल घेऊनच.

करायचं ते असं. पावसाळा संपून दगड सुकले की, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत, हात घालावा. आधी दगड हलतो का, पोपडे सुटलेत का ते बघावं. सुटले असतील तर धुऊच नये. नाहीतर साध्या पाण्याने भिजवून मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासत जावं. वरून सुरुवात केली की मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. दगडफूल बांबूच्या कामटीने, भिजल्यावरच काढावं. साबण नको.

वाचण्यासाठी खडू किंवा पीठही चोळू नका. आरसा धरून ऊन दगडावर अगदी तिरपं पाडलं की झिजलेली अक्षरंसुद्धा सावलीने उठून दिसतात. फोटो तेव्हाच काढावा. काही संगमरवरी पाट्यांवर शिशाची अक्षरं ठोकलेली असतात. ती गळून पडली तरी खुंट्यांची बारीक भोकं राहतात. भोकांच्या ठेवणीवरून वर्ष आणि पलटणीचा आकडा बऱ्याचदा लागतो. तुमचा ऑइल पेंट नेमका या भोकांतच भरला असता.

उघडे सांधे सिमेंटने बुजवू नयेत. सिमेंट दगडापेक्षा कडक, ओल बाहेर सोडत नाही. मग क्षार दगडातच साठून तो फुगतो आणि फुटतो. त्याऐवजी एक भाग चुना, तीन भाग वाळू भरावी, वर आठवडाभर ओलं गोणपाट. पिंपळाचं रोप उपटायचं नाही, मुळांबरोबर चिरे निखळतात. बुंध्याशी कापून मूळ जागेवरच वाळू द्यावं. आणि यातलं काहीही करण्याआधी जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्यावी.