मागच्या सीटवरचा जाणकार

पोलीस खात्यात गाडी चालवणारा गुन्हेगाराला भीत नाही, साहेबांना भितो. विजेची गाडी आल्यापासून त्यात एका आकड्याची भर पडली आहे. पूर्वी साहेब बसताना "डिझेल आहे ना रे?" एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता फोन कानाला लावायचे. आता बसल्या बसल्या मान वाकडी करून माझ्यासमोरच्या पडद्यावरचे टक्के वाचतात. ऐंशीच्या वर असले तर एसी. चाळीसच्या खाली गेले की काच खाली आणि "हवा छान सुटलीय."

गाडी तशी गुणाची. पोलिसांचं निम्मं काम धावण्याचं नसतंच, उभं राहण्याचं असतं. नाकाबंदीला वरचे दिवे आणि वायरलेस चालू राहावेत म्हणून जुन्या गाडीचं इंजिन रात्रभर गुरगुरत ठेवावं लागे. पहाटेपर्यंत धुराने डोकं उठायचं. ही उभ्या उभ्या फारसं काही खात नाही. शिवाय पाय ठेवताच अशी सुटते, की पहिल्या दिवशी हवालदारांची टोपी मागच्या सीटवरून शोधून काढावी लागली. आवाजही नाही. चोराला चाहूल लागत नाही हे उत्तमच, पण चौकीलाही लागत नाही! साहेब येत असल्याची वर्दी पूर्वी इंजिन लांबूनच द्यायचं. आता साहेब थेट दारात उगवतात. एवढ्या एका कारणावरून या गाडीला खात्यात शत्रू फार.

घोडं अडतं ते पाळीवर. माझी ड्युटी संपते, गाडीची संपत नाही. घरची गाडी रात्री प्लगला लावून मालक झोपतो. हिच्या किल्लीसाठी पुढच्या पाळीचा ड्रायव्हर हात पुढे करून उभाच. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये टेस्ला घेऊन पाठलागावर निघालेल्या अधिकाऱ्याला वायरलेसवर सांगावं लागलं, की बॅटरीत सहाच मैल उरलेत. पाळी सुरू होताना गाडी पूर्ण चार्ज नव्हती. जग हसलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आधीच्या पाळीचा ड्रायव्हर आला. "जाता जाता लावतो चार्जिंगला," म्हणून गेलेला!

त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, विरोध चौपट. सायरन लावून भरधाव निघालं की टक्के डोळ्यांदेखत गळतात. पळणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं, हे खात्याचं नशीब.

परवा एका संशयिताला घेऊन येताना वाटेत फास्ट चार्जरवर थांबावं लागलं. रांग होती. पुढे घुसावं तर "वर्दीचा रुबाब" म्हणणार, मागे थांबावं तर कंट्रोल रूम विचारणार. थांबलो. नंबर लागल्यावर ऐंशीपर्यंत आकडा भराभर चढला, पुढे रेंगाळला. बॅटरी भरत आली की चार्जिंग मंदावतं, हे मी हवालदारांना समजावलं, फोनवर साहेबांना समजावलं, मग रांगेतल्या एका काकांना. एवढ्यात दुसरे एक गृहस्थ काचेशी वाकले, "एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?"

मी तोंड उघडण्याआधी मागून बेड्या वाजल्या.

"कंपनी सांगते त्याहून कमीच धरा, काका. आणि ऐंशीलाच काढा, पुढे उगाच वेळ जातो."

गृहस्थांनी मान डोलावली, माझ्याकडे पाठ केली आणि त्यालाच विचारलं, "मग घ्यावी म्हणता?"