३५ डॉलरच्या लोगोची अर्धीच सांगितलेली गोष्ट

गृहउद्योग आणि बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. ‘नाइकीने अवघ्या ३५ डॉलरमध्ये लोगो करून घेतला आणि जग जिंकले, म्हणून आधी लोगो, मग धंदा,’ अशी त्याची सुरुवात असते. पुढे चार सल्ले असतात: लोगोत तुमचा सगळा माल दिसला पाहिजे, खाद्यपदार्थाला लाल-पिवळाच रंग हवा, दर दोन वर्षांनी लोगो ताजा करावा, आणि पैसे मोजून करून घेतलेला लोगो लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी झाली की कायद्याने तुमचाच होतो. मी छपाईच्या व्यवसायात आहे आणि या सल्ल्यांवर विसंबून खर्च करून बसलेली माणसे आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून हे उत्तर.

नाइकीची गोष्ट खरी आहे, पण सोयीपुरतीच सांगितलेली. कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्ये तासाला दोन डॉलर या दराने ते चिन्ह काढून दिले आणि तिला ३५ डॉलर मिळाले, हे बरोबर. मात्र तेव्हा कंपनी सात वर्षांची होती, हे कोणी सांगत नाही. १९६४ पासून ‘ब्लू रिबन स्पोर्ट्स’ या नावाने ती जपानी ओनित्सुका टायगर बूट अमेरिकेत विकत होती, आणि तिचे सहसंस्थापक फिल नाइट सुरुवातीला शर्यतींच्या मैदानांवर जाऊन गाडीच्या डिकीतून बूट विकत असत. म्हणजे गिऱ्हाईक आधी आले, कोणता माल कोणाला विकायचा हे आधी उमगले, आणि स्वतःच्या नावाचे बूट काढायची वेळ आली तेव्हा खुणेची गरज पडली. त्या खुणेशेजारचे ‘नाइकी’ हे नाव गाळून नुसती खूण वापरण्याचे धाडस कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यात, जवळजवळ पाव शतकाने केले. आपल्याकडे दुकानाचे नारळ फुटण्याआधीच पाटीवर नुसते चिन्ह चढते आणि येणाराजाणारा ‘हे कसलं दुकान?’ असे विचारतो. लोगो अनोळखी माणसाला दारात ओढून आणत नाही. ज्याला तुमचा माल एकदा आवडला, त्याला दुसऱ्या वेळी तोच माल चुकल्याशिवाय सापडावा, एवढेच त्याचे काम असते.

लोगोत सगळा माल दिसावा, हा सल्ला मला सर्वांत खर्चिक वाटतो. कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एका ताई मोबाइलवर लोगो घेऊन आल्या होत्या. मधोमध उखळ, त्यात मुसळ, भोवती मिरच्या, कांदा, लसणाची कुडी, मागे उगवता सूर्य, खाली जोडलेले दोन हात आणि कमानीत ‘अस्सल घरगुती चव’ अशी अक्षरे. पडद्यावर बोटांनी मोठे करून पाहिले की चित्र खरोखर देखणे होते. ताईंना १०० ग्रॅमची पाकिटे छापायची होती आणि कागदी पिशव्यांसाठी एक रबरी शिक्का हवा होता. पाकिटावर वजन, किंमत, घटक, अन्न परवान्याचा एफएसएसएआय क्रमांक यांना जागा दिल्यावर लोगोला जेमतेम दोन बोटे जागा उरली, आणि त्यात कमानीतली अक्षरे मुंग्यांच्या रांगेसारखी दिसू लागली. शिक्क्यात तर उखळ आणि सूर्य एकमेकांत मिसळून गेले. पहिला ठसा उमटवून पाहिल्यावर त्यांनीच विचारले, “दादा, ही मिरची आहे का पणती?” शेवटी जाड अक्षरातले नाव आणि त्याच्या शेजारी एकच वाकडी मिरची एवढे ठेवले. ते शिक्क्यात उमटते, स्टिकरवर दिसते आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीतही कापले जात नाही.

कोणताही लोगो पक्का करण्याआधी तो नखाएवढा करून साध्या काळ्या रंगात छापावा आणि हातभर अंतरावरून पाहावा. तिथे जे ओळखू येत नाही ते रंगीत फ्लेक्सवरही फक्त गर्दीच करते. शिवाय स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते, त्यामुळे पाच रंगांच्या लोगोचा भुर्दंड पिशव्यांच्या प्रत्येक ऑर्डरला बसतो. डिझायनरकडून मूळ व्हेक्टर फाइल (चित्र कितीही मोठे केले तरी कडा न फाटणारी), म्हणजे आमच्या भाषेत ‘कोरलची फाइल’, मागून घ्यायलाच हवी; व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दहा फुटी बोर्डावर ताणला की कडा फाटतात आणि दोष मात्र छापणाऱ्याला लागतो.

रंगाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मसाल्यांच्या ज्या फळीवर सगळीच पाकिटे लाल-पिवळी असतात तिथे आणखी एक लाल-पिवळे पाकीट हरवणारच. अक्षरांचा विचार मात्र रंगाच्या आधी करावा, कारण २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटीवर मराठी देवनागरीत नाव लिहावे लागते आणि ती अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. ज्यांनी फक्त इंग्रजी अक्षरांचा लोगो केला, त्यांना मग वर कुठेतरी मराठी नाव चिकटवावे लागले आणि पाटीचा तोल गेला.

दोन वर्षांनी लोगो बदलण्याचा सल्ला ज्याच्या फायद्याचा आहे तो माझ्यासारखा छपाईवाला. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून आहे. तिच्या जाहिरातींचा विषय सतत बदलतो, ती ओळखू येते तशीच राहते. छोट्या व्यावसायिकाचे गिऱ्हाईक तर त्याचे पाकीट महिन्यातून एकदाच हातात घेते. मालकाला लोगोचा कंटाळा येतो त्या सुमारास गिऱ्हाइकाला तो नुकता कुठे लक्षात राहू लागलेला असतो.

उरला मालकीचा मुद्दा, आणि इथे गैरसमज महागात पडतो. उद्यम नोंदणी ही उद्योगाची नोंद आहे, चिन्हाची नव्हे. चिन्हासाठी १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागतो. मालाच्या प्रत्येक वर्गासाठी ऑनलाइन शुल्क एरवी ९,००० रुपये असते. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्या व्यक्तीला आणि उद्यम प्रमाणपत्र जोडणाऱ्या लघुउद्योगाला ते ४,५०० रुपये पडते, म्हणजे चिन्हापुरता त्या प्रमाणपत्राचा उपयोग एवढाच. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्याआधी नावाशेजारी ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहिता येते, पण वर्तुळातला ‘आर’ (रजिस्टर्ड) लावणे दंडनीय आहे. शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र लोगोत घालण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय असा व्यापारी वापर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मना आहे.

पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, हेही गृहीत धरू नये. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलेल्या लोगोबाबत लेखी हस्तांतर नसेल तर वादाला जागा राहते. ते हस्तांतर सहीनिशी लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती. तेव्हा पावतीमागे ‘सर्व हक्क कायमचे आणि सर्व देशांसाठी दिले’ एवढी ओळ लिहून घेऊन सही घ्यावी. लोगो छापलेल्या पहिल्या बिलबुकाच्या कार्बन प्रतीही रद्दीत टाकू नयेत, कारण आपल्या कायद्यात आधीपासून केलेल्या सलग वापराला संरक्षण आहे, आणि उद्या दुसऱ्या कोणी तसेच चिन्ह आपल्या नावावर नोंदवून नोटीस पाठवली, तर त्या बिलांवरच्या तारखा पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात.