लेडीज कुठंय, भाऊ?

नवी मुंबईत गे डान्स क्लब उघडलाय हे एव्हाना तुमच्या कानावर आलं असेलच, आणि येत्या शनिवारी जायचंही ठरलं असेल. अवश्य जा. फक्त मनाची पूर्ण तयारी करून जा, कारण क्लबाची तयारी अजून व्हायची आहे.

घरी ‘ऑफिसची पार्टी’ एवढंच सांगा. एवढा सेंट मारून ऑफिसला कोण जातं, असं आई विचारेल. तिला उत्तर देऊ नका आणि सेंटही मारू नका. क्लब एपीएमसीच्या अंगाला आहे; मसाला मार्केटच्या धने-मिरचीपुढे भल्याभल्या अत्तरांचं काही चालत नाही. पाटी शोधत बसू नका, पाटी लावलेलीच नाही. ‘आपल्या लोकांच्या प्रायव्हसीसाठी’, असं मालक सांगतो. पाटीवाल्याचे पैसे थकलेत असं पाटीवाला सांगतो. खाली टाइल्सचं शोरूम, मधल्या मजल्यावर सीईटीचे क्लास आणि वर आपण. रिक्षावाल्याला क्लबाचं नाव सांगून उपयोग नाही. तो आरशातून तुम्हाला न्याहाळत विचारेल, “तो जुना लेडीज बार ना?” हो म्हणा आणि बसा.

त्या जागेनं बरंच सोसलंय. आधी लेडीज बार होता. २००५ साली सरकारनं डान्स बारवर बंदी आणली. मग कधीतरी हुक्का पार्लर आलं. २०१८ मध्ये हुक्क्यावरही बंदी आली. राज्यानं ज्याला ज्याला हाकललं ते सगळं या खोलीत राहून गेलं, आणि आता ज्याला राहायची परवानगी मिळाली ते भाड्यानं आलंय. आरसे तेच, स्टेजभोवतीची पितळी दांडीही तीच. नवीन म्हणाल तर इंद्रधनुष्याच्या पताका. त्यात सहाऐवजी पाचच रंग आहेत. जांभळा कागद संपला होता.

खरी परीक्षा दारात आहे. दोघे मित्र गेलात की बाउन्सर तुमच्या पाठीमागे, जिन्यापर्यंत नजर टाकतो आणि विचारतो, “लेडीज कुठंय, भाऊ?”

“आज गे नाईट आहे ना?”

“हो ना. पण स्टॅग अलाउड नाय. कपल पायजे.”

“आम्ही कपलच आहोत.”

तो तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या माणसाकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. “तसं नाय, भाऊ. कपल-कपल.”

इथे वाद घालू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी लग्नाचा जो प्रश्न संसदेकडे सोपवला, तो दिघ्याच्या एका पोरानं जिन्यात उभं राहून सोडवावा ही अपेक्षा बरी नव्हे. त्यानंही तेच केलं: वर फोन लावला. वरून मॅनेजर आला, मॅनेजरनं मालकाला विचारलं, आणि अखेर दोन स्टॅगांना दोन स्टॅगांच्या दरानं, म्हणजे कपलच्या दुपटीनं, सोडायचं असं ठरलं. तेव्हा पुढच्या वेळी एक मैत्रीण सोबत असू द्या. मागच्या पिढीतली माणसं समाजाला दाखवायला बायको करायची आणि ती बिचारी जन्मभर निभावून न्यायची. तुम्हाला फक्त दारापुरती वहिनी हवी आहे. याला प्रगती म्हणायचं नाही तर कशाला?

कव्हर चार्ज भरताना तोंड वाकडं करू नका. इतिहास आठवा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३७७. २००९ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयानं आपली त्यातून सुटका केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आत घातलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कायमचं सोडलं. एवढी माणसं एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती ती कशासाठी? तुम्हाला तुर्भ्याच्या बाजूला कोमट बिअर मिळावी म्हणून. ठाण्या-डोंबिवलीची पोरं एके काळी शनिवारी थेट कुलाब्याला, व्हूडू पबपर्यंत जायची. नाचाला रंग चढू लागला की घड्याळ बघायची, कारण व्हीटीहून शेवटची कर्जत सुटली तर उरलेली रात्र फलाटावर. आता क्लबच आपल्या दाराशी आला. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली की झालं. तक्रार करताना जरा लाज वाटली पाहिजे.

आत गर्दी दिसेल. हुरळून जाऊ नका. मधलं मोठं टेबल ‘ब्राइड टू बी’ असा पट्टा घातलेल्या मुलीचं आणि तिच्या मैत्रिणींचं. इथे पुरुष अंगचटीला येत नाहीत हे त्यांना कळलंय, म्हणून त्या आल्यात. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाही, रात्री निर्धास्त नाचायला मुलींना जागा आहे कुठे? त्यांतली एक तुमचा गाल ओढून म्हणेल, “मला कधीपासून एक गे फ्रेंड हवाच होता! शॉपिंगला येशील?” तुम्ही पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनियर आहात आणि दोन चौकडीचे शर्ट आलटूनपालटून घालता, हे सांगून तिचा हिरमोड करू नका. केक कापला की जोरात टाळ्या वाजवा. त्या अख्ख्या खोलीत मनासारखं लग्न करता येईल अशी ती एकटीच आहे.

सोफ्यावर मालकाचे मित्र बसतात. ‘बघू तरी काय असतं’ म्हणून आलेले असतात आणि काहीच नसतं म्हणून चिडलेले असतात. त्यांना कव्हर चार्ज नाही. भिंतीला पाठ लावून, ग्लास छातीशी धरून जे ओळीनं उभे आहेत ते आपण.

आपण सगळे फोनमध्ये. अ‍ॅपवर एक बिनडोक्याची छाती चार मीटरवर दाखवतंय. खाली लिहिलंय ‘डिस्क्रीट, प्लेस नाही’. मान वर केलीत तर छातीवरचं डोकं दिसेल, म्हणून करू नका. समजा चुकून झालीच, आणि ते डोकं तुमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदाराचं निघालं, तर घाबरायचं कारण नाही. आपल्यात याचा फार जुना आणि फार सभ्य रिवाज आहे: तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, त्यानं तुम्हाला पाहिलेलं नाही. सोमवारी लिफ्टमध्ये ‘यंदा पाऊस लांबला’ म्हणायचं. गेल्या वर्षीची वर्गणी राहिली असेल तर मात्र ती मंगळवारच्या आत नेऊन द्या.

संगीताबद्दल एवढंच, की ते सगळं पंजाबी असतं. मराठी गाण्याची फर्माईश करू नका. “मराठी लावलं की क्राउड डाउन होतो,” असं डीजे सांगतो, तेही मराठीत. क्राउड त्याआधीपासून भिंतीलाच टेकलेला आहे ही गोष्ट वेगळी. आम्ही दोघं गेलो त्या रात्री एक ड्रॅग कलाकार आला होता. नऊवारी, नथ, खोपा, पायात चाळ. कल्याणहून सगळा शृंगार अंगावर घेऊन, वर शर्ट-पँट चढवून लोकलनं आला होता. लावणी बसवली होती. त्याला चार मिनिटं मिळाली, केक आणि सेल्फी यांच्या मधली, आणि तिसऱ्या मिनिटाला डीजेनं गाणं कापलं. या महाराष्ट्रानं शंभर वर्षांपूर्वी बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं होतं. ते रंगभूमीवर जो शालू नेसत तसाच नेसायचा म्हणून घराघरांतल्या बायका हट्ट करायच्या. पण हे तिथे कोणाला सांगू नका. मालक म्हणेल, मग ओल्ड इज गोल्ड नाईट ठेवू.

आणि नाच? नाचायला जागा नसते, असली तरी कोणी उतरत नाही, आणि कोणी उतरलंच तर सोफ्यावरचे मित्र मोबाइल उंच धरतात. नुसतं नाचायचंच असेल तर घणसोलीत नाही तर कोपरखैरण्यात एखाद्या आगरी हळदीला जा. बेंजो सुरू झाला की बाप्ये बाप्यांबरोबर घामाघूम होईस्तोवर नाचतात. काका मामाच्या खांद्यावर, भावजी मेव्हण्याच्या गळ्यात, आणि लेडीज कुठंय असं एक माणूस विचारत नाही. त्यासाठी कोणाला घटनापीठ बसवावं लागलेलं नाही. हळदीत अडचण एकच. दमून कडेला बसलात की कोणीतरी मावशी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि विचारते, “तुझी हळद कधी रं?” एवढा एक प्रश्न चुकवायचे पैसे आपण क्लबाला देतो. क्लब शब्दाला जागतो. तिथे तुम्हाला कोणी काही विचारत नाही. अगदी नावसुद्धा.

अपवाद वेटरचा. तो लेडीज बारच्या काळापासून तिथेच आहे, साठीला टेकलाय, सगळे त्याला अण्णा म्हणतात. भाड्यानं येणारे बदलले, अण्णा बदलला नाही. मसाला शेंगदाण्यात कांदा कोणाला चालत नाही हे त्याला दुसऱ्या प्लेटला पाठ होतं. निघताना त्यानं बिलाचं पाकीट आमच्या दोघांच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि विचारलं, “साहेब, तुमच्या दोघांचं एकत्रच ना?” टिप सढळ हातानं ठेवा. सर्व्हिस चार्ज बिलात आधीच लावलेला असतो; तो अण्णाला मिळतो या भ्रमात राहू नका.

खाली आल्यावर रिक्षा मिळेल. मध्यरात्रीनंतर दर सव्वापट असतो. तुम्ही कुठून बाहेर पडलात हे बघून तो दुप्पट होतो. घासाघीस करू नका, तीन हात नाक्यापर्यंत तोच माणूस तुमच्याशी गप्पा मारणार आहे. घरी पोचल्यावर झोपण्याआधी क्लबाला पाच तारे द्या. चार दिलेत तर मालक म्हणेल, ‘ही लोकं खर्च करत नाहीत’, आणि जागा बारशा-साखरपुड्यांना देईल. मग पुढची वीस वर्षं सगळे सांगतील की नवी मुंबईत असा क्लब चालत नाही, एकानं काढला होता, बुडाला. म्हणजे क्लब चालवायची जबाबदारीही तुमच्यावरच आहे, आणि त्याबद्दल कव्हर चार्जात काही सूट नाही.

पुढच्या शनिवारी तिथे लेडीज नाईट लागलीय, बायकांना प्रवेश मोफत. आपल्याला सोडणार का, असं मी फोन करून विचारलं. मॅनेजर अगदी मनापासून म्हणाला, “या की सर, तुमचंच आहे. फक्त सोबत कोणी जेन्ट्स आणू नका.”