दोन सूत

माझ्या नणंदेकडे पुण्याला कपाट आहे. आमच्याकडे नागपुरात आलमारी असते. ती लोखंडाची असते, लग्नात आलेली असते आणि तिच्या आरशाच्या कडेला दोन पिढ्यांच्या टिकल्या चिकटलेल्या असतात. आमच्या आलमारीचं हँडल गेल्या फेब्रुवारीत माझ्या हातात आलं, तेव्हा शाळेची वेळ झाली होती, साडी आत होती आणि मी बाहेर. त्या दिवशी मी दहावीला सासूबाईंच्या साडीत भूमिती शिकवली. संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, की आता भिंतीला भिंत लागून, खालपासून छतापर्यंत आलमारी करायची. मापाने.

या 'मापाने'वर माझा फार भरवसा होता. अठरा वर्षं गणित शिकवते आहे. ग्राफपेपर काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि बेडरूमची भिंत मोजली. रुंदी २१८ सेंटिमीटर, उंची २७४. खोली ठेवली ४५ सेंटिमीटर, म्हणजे पलंगाच्या बाजूने जायला जागा राहील. मग घरातल्यांच्या मागण्या मागवल्या, तर प्रत्येकाचं माप निराळं.

सासूबाईंचं माप गोधडी. "सहा गोधड्या आणि दोन रजया वर बसल्या पाहिजेत," एवढंच त्या बोलल्या. नागपूरच्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. डिसेंबरात रजईतून नाक बाहेर काढवत नाही आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तीच रजई नुसती दिसली तरी घाम फुटतो. तेव्हा ती ठेवायला जागा नव्हे, लपवायला जागा लागते. लेकीचं माप तिचा लाँग ड्रेस: पाच फूट उंच कप्पा, खाली काहीही नको. नवरा म्हणाला, "मला काय, एक ड्रॉवर पुरे." त्या ड्रॉवरमध्ये काय ठेवणार, याची त्याने यादी दिली. तिच्यात सात वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड होतं.

माझं स्वतःचं स्वप्न म्हणजे सगळ्या साड्या हँगरवर, ओळीने. सासूबाईंनी ते एका वाक्यात गुंडाळलं. "पैठणी टांगत नसतात." जरीच्या वजनाने रेशीम खाली ओढलं जातं, हँगरच्या दांडीची घडी कायमची पडते. पैठणी मलमलच्या फडक्यात आडवी ठेवायची, तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची आणि डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही, नाहीतर जर काळी पडते. मी हँगरचा कप्पा खोडला आणि आडवे फळे वाढवले. खोडरबराने ग्राफपेपरला तिथे भोक पडलं.

मग मिस्त्री आले. खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी, घोटत घोटत त्यांनी कागद पाहिला. "छान काढला. मुलीने काढला का?"

मी गप्प बसले. लेक खुदकन हसली.

"पण हे सेंटिमीटर आमच्यात चालत नाही ताई." त्यांनी टेप ओढला. "सात फूट पावणेदोन इंच, आणि वर धरा एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी तिथल्या तिथे भागाकार केला आणि म्हटलं, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. मिस्त्रींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सूत म्हणजे सूत. त्याच्या खाली मोजायचं नसते."

नंतर माझ्या ४५ सेंटिमीटर खोलीवर बोट ठेवलं. "दीड फूट? यात हँगर आडवा कसा बसन?" माझं उत्तर येण्याआधी त्यांनी दाराला अडकवलेला नवऱ्याचा शर्ट हँगरसकट उचलून भिंतीशी काटकोनात धरला. हँगरच सतरा इंच, दोन्हीकडून बाही बाहेर, त्यात मागची फळी, पुढे दाराची जाडी. दोन फुटांच्या खाली दार लागणारच नाही. शर्टने माझा ग्राफपेपर नापास केला.

इथवरही ठीक होतं. पण त्यानंतर मिस्त्री कोपऱ्यात उकिडवे बसले. एका भिंतीवर तीन फुटांवर पेन्सिलीची खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. टेपचं एक टोक मला धरायला दिलं आणि दोन खुणांमधलं तिरपं अंतर मोजायला लागले. "पाच फूट आलं की कोपरा गुण्यात."

तीन, चार, पाच! अठरा वर्षं मी हे फळ्यावर लिहिते आहे. पायथागोरसचा सिद्धांत मी झोपेतही सिद्ध करू शकते. पण घरात राहायला आल्यापासून एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं, की आपल्याच बेडरूमचा काटकोन तपासून पाहावा. मी जमिनीवर बसून टेपचं टोक खुणेवर घट्ट दाबून धरलं. हृदय धडधडत होतं. निकालाच्या दिवशी मुलांना असंच होत असणार.

"पाच फूट दोन सूत," मिस्त्री म्हणाले. "भिंत वाकडी आहे ताई तुमची."

'तुमची' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला असं मला वाटलं.

रात्री झोप लागेना म्हणून हिशेब केला. कोन नव्वद नव्हे, साडेनव्वद अंशांचा निघाला. म्हणजे दोन फूट खोल आलमारी मागच्या भिंतीला चिकटवून उभी केली, की डाव्या भिंतीशी पुढच्या कडेला जवळजवळ दोन सुतांची फट. नवऱ्याला उठवून सांगितलं. "अर्धाच अंश ना?" म्हणून तो कुशीवर वळला. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक. मी पहाटे चारपर्यंत दोन सुतांवर जागी होते.

प्लाय आणायला लकडगंजला गेलो. दुकानदाराने विचारलं, "एमआर देऊ की मरीन?" एमआर म्हणजे हवेतला ओलावा सोसेल इतपत. मरीन म्हणजे उकळत्या पाण्यात टाकला तरी थर सुटायचे नाहीत असा, आयएस ७१० चा शिक्का मारलेला, आणि अर्थातच महाग. मी म्हटलं, "भाऊ, देशाच्या मधोमध, झिरो माइलच्या गावात मरीन कशाला?"

"बेडरूममध्ये कूलर लावता न?"

"लावतो."

"मार्च ते जून?"

"हो."

"मग समुद्रच आहे न ताई."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आमचा कूलर खिडकीत नेमका त्याच भिंतीकडे तोंड करून चार महिने ओलं वारं फेकत असतो. अठरा एमएमचा मरीन घेतला. आठ बाय चारची एकेक शीट आमच्या जिन्यातून वर नेताना मिस्त्री, नवरा आणि खालच्या मजल्यावरचे काका यांचं जे काही सूत जमलं, ते त्याआधी कधी जमलं नव्हतं. सनमायकाच्या रंगाचं सांगत नाही. चारशे प्रकारचे तपकिरी पाहून शेवटी आम्ही घेतला, तो लोखंडी आलमारीचाच करडा निघाला.

काम आठ दिवसांचं, असं मिस्त्री १० एप्रिलला म्हणाले. त्या दिवसापासून मला नागपुरी मराठीतल्या 'राहिलो'चा अर्थ नव्याने कळू लागला. फोन केला की, "येऊन राहिलो ताई." यात माणूस निघाला आहे, निघणार आहे, की पारडीला दुसऱ्याच्या किचनच्या ट्रॉल्या बसवतो आहे, हे कोणत्याही व्याकरणाने सांगता येत नाही. एकदा मागून करवतीचा आवाज येत होता तरी ते येऊनच राहिले होते. मग लग्नसराई आली, साळ्याचं लग्न झालं, त्याच्या मागोमाग कोणाची तरी तेरवी झाली. मधल्या काळात आमचे कपडे दिवाणावर, दिवाणाची गादी हॉलमध्ये आणि आम्ही चौघं सासूबाईंच्या खोलीत. वरणावर फोडणीच्या आधी लाकडाचा भुसा पडायचा.

आले मात्र, की काम पाहत बसावं असं. सनमायका चिकटवायच्या दिवशी फेविकॉल लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वजन काय आहे घरात?" रात्रभर दाबून ठेवावं लागतं, नाहीतर मध्ये हवेचा फुगा राहतो. सासूबाईंचा पाटा निघाला, गव्हाची कोठी निघाली, तरी एक कोपरा उचललेला. मी नववीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे चार गठ्ठे आणून ठेवले. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांना पहिल्यांदाच काही वजन आलं.

ड्रॉवरवरून जे झालं ते माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं. डावं दार भिंतीलगत. ते नव्वद अंशांपुढे उघडूच शकत नाही, समोर भिंत. आणि दार नव्वदला थांबलं की आतला ड्रॉवर बाहेर येताना दाराच्या बिजागरीला धडकतो. नवऱ्याचा एकुलता एक ड्रॉवर चार बोटं बाहेर यायचा आणि टक्. मिस्त्रींनी पाहिलं, खर्रा गालात सरकवला, चॅनेल काढलं आणि बाजूला एक इंच पॅकिंग ठोकलं. ड्रॉवर तेवढा अरुंद झाला. त्याची फळी कापताना नवरा बाजूला उभा होता. मिक्सरचं गॅरंटी कार्ड त्याने त्या दिवशी स्वतःच्या हाताने फाडलं.

आलमारी उभी राहिली ती पोळ्याच्या आठवड्यात. दारं लागली, हँडल लागली, गोधड्या सहाच्या सहा वर गेल्या. सासूबाईंनी पैठणीची घडी बदलून पहिल्या फळ्यावर ठेवली आणि दार लावून उघडून लावून पाहिलं. सगळं सुरेख. फक्त डाव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, भिंत आणि आलमारीच्या मध्ये ती फट. मी टेप लावला नाही. मला माहीत होतं.

"पट्टी लावून देतो न ताई. दोन सूत म्हणजे काहीच नाही," मिस्त्री म्हणाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत निघाली, म्हणजे गावाची इडा पिडा नेणारा पुतळा, तेव्हा आम्ही चौघं महाल भागात रस्त्याच्या कडेला उभे होतो. लोक ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" नवऱ्याने त्यात "भुसा, फेविकॉल घेऊन जा गे मारबत" अशी भर घातली. मी फटीचं नाव घेतलं. मारबतीने भुसा नेला. फट ठेवली.

दिवाळी गेली. पट्टी येऊन राहिली आहे.

गेल्या रविवारी मिस्त्रींचा फोन आला. मी घाईने उचलला. "ताई, एक साहेब येऊन राहिले तुमची आलमारी पाहायला. त्यांना तशीच करायची आहे. म्हटलं, आमच्या मॅडमकडचं काम पाहून या." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग आवाज जरा खाली आला. "तेवढं डावं दार उघडून ठेवा न. दार उघडं असलं की ते दिसत नाही."

साहेब खरोखरच अर्ध्या तासात आले. बायको बरोबर होती, तिच्या हातात ग्राफपेपर. मी चहा ठेवला आणि बेडरूममध्ये जाऊन डावं दार पूर्ण उघडून भिंतीशी लावलं. ते सगळे फळे पाहून झाले, गोधड्यांचं कौतुक झालं, हँगरची खोली विचारून झाली. मी दोन फूटच ठेवा म्हणून बजावलं. बायकोने तसं लिहून घेतलं. जाता जाता साहेबांनी भिंतीवर हात फिरवला.

"भिंत वगैरे सरळ होती न तुमची?"

मी उघड्या दारासमोर जरा सरकून उभी राहिले.

"एकदम गुण्यात," मी म्हटलं.