जमीन पे सोया था क्या?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

झालं असं की आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला काल रात्री मुलगी झाली, एमटीएचला, म्हणजे इंदूरच्या सरकारी बाळंतपणाच्या हॉस्पिटलात. नॉर्मल, दोघी छान. मी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकांना आनंदाने सांगितलं, तर काका म्हणतात, "एमटीएच? अगं मला विचारायचं ना, तिकडे काय माणसं जगायला जातात का." आता हे काका कोण, तर डॉक्टर. रिटायर्ड. आणि कुठले, तर आपल्याच एमजीएमचे, ज्या सरकारी मेडिकल कॉलेजखाली हे एमटीएच येतं! दर वर्षी बॅचच्या रियुनियनचे फोटो टाकतात, ब्लेझर घालून, कॉलेजच्या पायऱ्यांवर. मी नुसतं "हो का" म्हटलं आणि तिसऱ्यालाच उतरले. मला जायचं होतं पाचव्यावर.

जे मला ओळखतात त्यांना माझ्या धाकट्या भावाची गोष्ट माहितीये. बाकीच्यांसाठी पुन्हा सांगते.

1998 चा जुलै. आम्ही महूला मावशीकडे, जुनं घर, पाहुणे जास्त म्हणून मुलं सगळी खाली सतरंजीवर. रात्री अडीचला धाकटा उठला, पोटात दुखतंय. आईने ओवा दिला. पहाटे म्हणे डोळे उघडत नाहीत. बाबांना वाटलं शाळा चुकवायची नाटकं, कारण सोमवार होता आणि त्याचा आधीचा रेकॉर्डही तसाच होता. पण पापण्या खरंच वर जाईनात, दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशा, आणि बोलणं जड. अंगावर कुठे काही खूण नाही, सूज नाही. शेजाऱ्यांच्या मारुती व्हॅनमधून इंदूरला आणला. आधी एका नर्सिंग होमला नेला, नाव घेत नाही, तिथल्या डॉक्टरांनी गाडीतच टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, एमवायला न्या, म्हणजे एमजीएमच्याच मोठ्या सरकारी हॉस्पिटलला. खाली उतरवूनसुद्धा घेतला नाही.

एमवायच्या कॅज्युअल्टीत एक रेसिडेंट होता. किडकिडीत, पायात रबरी चपला, एप्रनवर चहाचा डाग. त्याने ना ताप विचारला, ना काल काय खाल्लं ते विचारलं. पापणी उचलून बघितली आणि आईला एकच प्रश्न केला, "जमीन पे सोया था क्या?"

आई हो म्हणाली तेवढ्यात हा वळून सिस्टरवर ओरडलासुद्धा, सापाच्या विषावरचं इंजेक्शन काढा म्हणून. दहा व्हायल. मण्यार होती. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, दात दिसत नाहीत, आधी पोट दुखतं मग पापण्या पडतात आणि मग श्वास थांबतो. हे मला आज माहितीये. तेव्हा आमच्या घरात दोन ग्रॅज्युएट आणि एक मास्तर असून कुणालाच माहीत नव्हतं.

आता मला सांगा, त्या पोराला तो प्रश्न कुणी शिकवला? पुस्तकात असेलही, पण रात्रीची ड्युटी करून सकाळी सातला असा झटकन तोंडात येतो तो पुस्तकामुळे नाही हो. झाबुआ, धार, खरगोनहून त्या पावसाळ्यात जमिनीवर झोपणारी किती पोरं त्याच्यासमोर आली असतील. त्यातली काही त्याच्यासमोर गेलीही असतील. त्यांच्यावर तो शिकला आणि आमचा वाचला. आणि काका, तुम्हीपण तसेच शिकलात! तुमच्या नर्सिंग होममध्ये काय संगमरवरावर शिकला होतात का टाके घालायला? पहिली डिलिव्हरी, पहिलं प्लास्टर, पहिली चूकसुद्धा कुणाच्या तरी गरीब अंगावर केलीत, ज्याने कधी विचारलं नाही की बाबा तू पूर्ण डॉक्टर आहेस की अर्धा. ते उधार आहे. फेडा नाहीतर नका फेडू, निदान लिफ्टमध्ये नावं ठेवू नका.

इंदूरच्या अर्ध्या चकाचक हॉस्पिटलांच्या बोर्डावर डिग्रीपुढे कंसात एमजीएम असतं, जाऊन बघा. 1878 पासून या गावात डॉक्टर घडतायत, आधी ते किंग एडवर्ड स्कूल, मग 1948 पासून एमजीएम. आणि त्याच्याखाली नुसतं एमवाय थोडंच आहे, एमटीएच आहे, मुलांचं चाचा नेहरू, टीबीचं मनोरमा राजे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, आता सुपर स्पेशालिटी. जळालेली बाई, औषध प्यालेला शेतकरी, रस्त्यावर सापडलेला बेवारस, पोलीस केस म्हटली की सगळ्यांचे हात वर होतात आणि ॲम्ब्युलन्स कुठे वळते ते आपल्या सगळ्यांना माहितीये.

हो, उंदीर. कमेंटमध्ये येणारच आहे म्हणून मीच लिहिते. 2025 मध्ये एमवायच्या एनआयसीयूत दोन नवजात बाळांना उंदीर चावले आणि दोन्ही बाळं गेली. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कुणाकडेच नसावं. आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं याचा जास्त राग येतो. सुरतला प्लेग आला त्या वर्षी, 1994 ला, हेच एमवाय अख्खं रिकामं करून साफ केलं होतं, कलेक्टर स्वतः उभे राहून. त्यातूनच रोगी कल्याण समिती, म्हणजे हॉस्पिटलची व्यवस्था बघणारी समिती, निघाली, जी पुढे 2005 नंतर देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. म्हणजे आपण देशाला साफसफाई शिकवली आणि घरी उंदीर. पण म्हणून काय "विकून टाका एकदाचं" म्हणायचं? मागे कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी तेच टाकलं होतं आणि खाली अकरा अंगठे. विकल्यावर जमिनीवर झोपणारी पोरं त्याच्या रिसेप्शनवर कुठला फॉर्म भरणार आहेत? आयुष्मानचे पाच लाख आहेत म्हणाल, आहेत, मान्य, माझ्या सासूबाईंचं कार्ड मीच काढलंय. पण पहाटे सहाला टॉर्च मारून पुढे पाठवणाऱ्याला कार्ड दाखवून काय होणार होतं.

एक राहिलंच. त्या दिवशी व्हेंटिलेटर मोकळं नव्हतं. धाकट्याच्या घशात नळी घातली आणि हाताने पिशवी दाबत राहायची. तो रेसिडेंट सुरुवातीला स्वतः दाबत होता, मग त्याला दुसरा पेशंट आला. बाबांचे हात थरथरत होते. शेजारच्या खाटेपाशी कुक्षीकडचा एक माणूस बसला होता, त्याच्या बायकोने कीटकनाशक घेतलं होतं. तो न बोलता उठला, पिशवी हातात घेतली आणि दाबायला लागला, दाबो, छोडो, एक दो तीन. दिवसभर आम्ही आळीपाळीने दाबली, पण सगळ्यात जास्त त्याने. संध्याकाळी व्हेंटिलेटर मिळालं. चौथ्या दिवशी धाकट्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ती शेजारची खाट तोवर रिकामी झाली होती. आम्ही कुणाला विचारलं नाही. आजही आई म्हणते, विचारायला हवं होतं.

रेसिडेंटचं नावही विचारलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते, मला तरी सुचायला हवं होतं.

आता हे लिहिता लिहिता काकांचा मेसेज आलाय. "बाळाचं वजन किती? जन्मल्यावर लगेच रडली का? दोन-तीन दिवसांत पिवळी वाटली तर सांग, चाचा नेहरूला माझ्या ज्युनिअरचा मुलगा आहे, बोलतो." काय करायचं या माणसाचं. पोस्ट डिलीट करणार नाहीये, वाचू देत.

वजन दोन किलो सातशे. लगेच रडली. कळवलंय.